गोदामात माणसं राहायला येतात तेव्हा

लिव्हरपूलच्या स्टॅनले डॉकवर तंबाखूचं एक गोदाम उभं आहे. १९०१ साली पुरं झालं. चौदा मजले, सुमारे २ कोटी ७० लाख विटा, ८ हजार टन पोलाद आणि खिडक्यांना ३० हजार काचा, असा त्याचा हिशेब सांगतात. १९८०च्या दशकात तंबाखू गेली. मग बरीच वर्षं वर शुकशुकाट आणि तळमजल्यावर रविवारचा बाजार. आता तिथे सदनिका आहेत. मर्सी नदीच्या काठाने दक्षिणेला गेलं की अल्बर्ट डॉक लागतो. जेसी हार्टली या इंजिनिअरने आगीच्या धास्तीने लाकडाला शक्य तितकं बाजूला ठेवून, ओतीव लोखंड, वीट आणि दगड यांत बांधलेली गोदामं. ती १८४६ साली सुरू झाली, आणि १९८०च्या दशकात तिथेही माणसं राहायला आली.

या गोदामांशी आपलं नातं तसं जुनंच. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईहून गासड्या लिव्हरपूलला जाऊ लागल्या. तिथल्या दलालांच्या बोलीत वऱ्हाडी कापसाला ‘ऊमराज’ म्हणत, म्हणजे आपली उमरावती. ‘हिंगणघाट’ ही तर वेगळी प्रत म्हणूनच विकली जाई.

तुम्ही शिक्षण आटोपून इंग्लंडात एखाद्या सल्लागार कार्यालयात लागला असाल आणि जुन्या गोदामाची घरं करण्याचं काम पहिल्यांदाच टेबलावर आलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी. विषय फक्त इमारतीच्या आवरणाचा आहे. भिंती, छप्पर, खिडक्या आणि जमिनीलगतचा भाग, म्हणजे पाऊस, वारा, उष्णता आणि वाफ यांना अडवणारं किंवा वाट देणारं जे जे काही आहे ते.

भिंतीचं जुनं काम आणि नवं काम

आजच्या विलायती घराच्या भिंतीत दोन थर असतात आणि मध्ये पोकळी. बाहेरचा थर भिजतो, पाणी पोकळीतून खाली उतरतं, आतला थर कोरडा राहतो. गोदामाची भिंत तशी नाही. ती एकसंध, भरीव, दोन-तीन विटांची जाडी असलेली. तिच्यात पाणी अडवणारा पडदा कुठेच नाही. पावसात ती पाणी पिते, पाऊस थांबला की ते पाणी दोन्ही अंगांनी सोडते. जाडी हेच तिचं छत्र. पाणी आतल्या बाजूला पोचायच्या आत पाऊस थांबायचा, एवढ्या साध्या गणितावर ती शंभर-सव्वाशे वर्षं उभी राहिली.

त्या काळात आत तंबाखूची पिंपं किंवा कापसाच्या गासड्या होत्या. कोणी आंघोळ करत नव्हतं, कुकर लावत नव्हतं. फटींतून वारा खेळत होता. आता आत माणसं येणार. चार माणसांचं कुटुंब स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे आणि नुसता श्वास यांतून दिवसाला दहाएक लिटर पाणी हवेत सोडतं. घरटी रोज एक बादली धरा. शंभर सदनिका असतील तर शंभर बादल्या. त्याच वेळी आपण फटी बुजवणार आणि भिंतीला आतून इन्सुलेशन लावणार, म्हणजे तिचं वाळण्याचं एक अंग झाकणार आणि हिवाळ्यात तिला मिळणारी आतली ऊबही तोडणार. अशी भिंत पूर्वीपेक्षा थंड राहते, ओली राहते आणि उशिरा वाळते.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी पाणी, मग हवा, मग वाफ आणि सगळ्यात शेवटी उष्णता. कार्यालयात बहुतेक वेळा चर्चा शेवटच्या टोकापासून सुरू होते, कारण यू-व्हॅल्यूचा, म्हणजे भिंतीतून किती उष्णता गळते त्याचा आकडा कागदावर लिहिता येतो आणि तुंबलेली पन्हळ लिहिता येत नाही.

पहिली फेरी पावसात मारा

कोरड्या दिवशी पाहणी करून काढलेले फोटो छान येतात आणि फारसं काही सांगत नाहीत. छत्री नको, रेनकोट घाला. दुर्बीण घ्या. इमारतीभोवती फिरताना पाणी भिंतीवरून कसं वाहतं ते बघा. खिडकीच्या उंबऱ्याखाली थेंब तुटून पडतो की भिंतीला चिकटून ओघळतो? कठड्याच्या माथ्यावरचे दगड हलले आहेत का? पन्हळीतून पाणी कुठे उसळतं? पाऊस थांबल्यावर दोन तासांनी परत या. बाकी भिंत वाळली आणि एखादा पट्टा काळाच राहिला, तर तुमचं पहिलं काम तिथे आहे.

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस सरळ खाली पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. त्यामुळे एकाच इमारतीच्या चार भिंती चार वेगळ्या हवामानांत असतात. आयरिश समुद्राकडे तोंड केलेली पश्चिमेची भिंत आणि आतल्या चौकाकडची भिंत यांना एकच उपाय लावणं म्हणजे कोकणातल्या आणि खानदेशातल्या घराला एकच छप्पर घालण्यासारखं आहे. पहिल्याच नकाशावर चारही बाजूंना वेगवेगळे रंग द्या. पुढे प्रत्येक निर्णय त्या रंगांनुसार घ्यायचा.

जिथे बाहेरचं ऊनपाऊस कधीच लागलं नव्हतं अशा भिंती नव्याने उघड्या पडतात का, तेही बघा. तंबाखूच्या गोदामाचा पसारा इतका खोल की मधल्या भागाला उजेड मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून मधला भाग काढून चौक करण्याची योजना झाली. मजलेही पिंपांच्या मापाने ठेंगणे. अशा ठिकाणी चौकाकडचं आवरण सगळं नवं असतं. तिथे नव्या इमारतीचे नियम, बाहेर जुन्याचे, आणि दोहोंचा सांधा ही खरी डोकेदुखी.

ओल मोजताना फसू नका

दोन पिनांचं विजेवर चालणारं ओलमापक यंत्र सगळ्यांच्या बॅगेत असतं. लाकडासाठी ते चांगलं, विटेसाठी बेभरवशाचं. पहिल्या-पहिल्या कामात मी एका भिंतीवर पिना टेकवल्या आणि आकडा थेट टोकाला गेला. घाबरून अहवालात ‘भिंत चिंब’ असं लिहून मोकळा झालो. नंतर भोक पाडून काढलेला चुरा भट्टीत वाळवून तोलला, तर ओल किरकोळ निघाली. यंत्राला ओल दिसली नव्हती, मीठ दिसलं होतं.

बंदरावरच्या गोदामात मीठ असणारच. खारा वारा, साठवलेला माल, जमिनीतून चढलेले क्षार. आपल्याकडे भिंतीला लोणा लागला म्हणतात तेच. साधं मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक धरतं. प्रत्येक फेरीत विटेचा एकेक पापुद्रा सुटतो. असल्या भिंतीला कुठूनही गळती नसली तरी ती दमट दिसते. तिच्यावर गळतीचे उपाय करत बसलात तर पैसे आणि अब्रू दोन्ही जाईल.

तेव्हा वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या खोलीवर भोकं पाडून चुरा काढा, लगेच हवाबंद डबीत भरा, तोला, वाळवा, पुन्हा तोला. त्याच चुऱ्यातून क्षारांची तपासणी करून घ्या. विटेचं तोंड पाणी किती वेगाने पितं हे पाहायला भिंतीला चिकटवायची काचेची नळी मिळते, कार्स्टेन नळी म्हणतात. पाच-सहा ठिकाणी लावा, दरजांवर म्हणजे विटांमधल्या सांध्यांवरही लावा. अनेकदा वीट निर्दोष निघते आणि सगळं पाणी दरजेतल्या केसाएवढ्या फटीतून जात असतं. दर्शनी बाजूला कडक भाजलेली वीट आणि आत स्वस्तातली मऊ वीट वापरायची जुनी रीत होती. बाहेरून दिसणाऱ्या विटेचे गुणधर्म सगळ्या जाडीला लावू नका, आतलाही नमुना काढा.

परवानग्या उशिरा आठवू नका

अल्बर्ट डॉक वारसा इमारतींच्या सरकारी यादीत पहिल्या श्रेणीत, म्हणजे ग्रेड वनमध्ये नोंदलेला आहे, तंबाखूचं गोदाम ग्रेड टूमध्ये. नोंदलेल्या इमारतीचं रूप बदलणाऱ्या कामाला, मग ते आतलं का असेना, १९९०च्या कायद्याखाली वेगळी संमती लागते. ती न घेता काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे. पंख्याच्या प्रत्येक जाळीसाठी भिंतीत पाडायचं भोकही यात येतं. स्थानिक कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला, म्हणजे वारसा जतन पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, ओल मोजण्याआधीच भेटा. भोकं कुठे पाडणार हेही त्यांना विचारून ठरवा. आराखडा पक्का करून सहीला नेलात तर ती बैठक लांबते, हा अनुभव आहे.

दुसरा नियम नवख्यांच्या हातून हमखास सुटतो. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीच्या आगीनंतर इंग्लंडात डिसेंबर २०१८ पासून, ज्या निवासी इमारतीचा एखादा मजला जमिनीपासून १८ मीटर किंवा त्याहून उंचावर आहे, तिच्या बाह्य भिंतीत जळणारं सामान चालत नाही. ए१ किंवा ए२-एस१, डी० या, म्हणजे न जळणाऱ्या किंवा जवळपास न जळणाऱ्या वर्गातलंच लागतं. चौकटी, पातळ पडदे वगैरेंना काही सवलती आहेत. नवख्याला वाटतं, हा नियम नव्या इमारतीचा आणि बाहेरच्या आच्छादनाचा. तसं नाही. वापर बदलून घरं झाली की तो लागू होतो, आणि बाह्य भिंत म्हणजे बाहेरच्या तोंडापासून आतल्या तोंडापर्यंत सगळी. म्हणजे आतून लावलेलं इन्सुलेशनही त्यात आलं. फवारून लावायचा फोम, लाकडाच्या तंतूंचे बोर्ड हे सगळे उंच गोदामात पहिल्या दिवशीच बाद. उरतात खनिज लोकर, कॅल्शियम सिलिकेटचे बोर्ड आणि तत्सम. शिवाय किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली निवासी इमारतींना बिल्डिंग सेफ्टी रेग्युलेटरची मंजुरी काम सुरू करण्याआधी लागते. ‘तपशील साइटवर ठरवू’ हे वाक्य तिथे चालत नाही.

वरून खाली या

छप्पर आणि पन्हळी यांवर मी थोडक्यात लिहितो, पण वेळ मात्र तुम्ही थोडका देऊ नका. गोदामांना बहुधा कठड्याआड लपलेल्या पन्हळी असतात, शिशाच्या पत्र्याच्या किंवा ओतीव लोखंडाच्या. तुंबल्या की पाणी बाहेर सांडत नाही, भिंतीच्या माथ्यात उतरतं, आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला कळेपर्यंत दोन हिवाळे गेलेले असतात. प्रत्येक लपलेल्या पन्हळीला बाहेर दिसेल असा जादा पाण्याचा मार्ग द्या. तुंबली की पाणी रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलं पाहिजे. साफ करणारा माणूस तिथे सुरक्षित पोचेल अशी वाट आताच काढा. पावसाचे नळ भिंतीच्या पोटात असतील तर आत कॅमेरा घाला, आणि जमत असेल तर ते बाहेर काढा.

दरजा

जुन्या दरजा चुन्याच्या. विसाव्या शतकात दुरुस्ती करणाऱ्यांनी त्या खरवडून सिमेंटने भरल्या, मजबूत म्हणून. चुन्याची दरज ही त्या भिंतीची वाळण्याची वाट होती. ती विटेपेक्षा मऊ असायची, त्यामुळे पाणी, क्षार, हालचाल हे सगळं स्वतःवर घ्यायची आणि पन्नास-साठ वर्षांनी बदलता यायची. सिमेंटची दरज कडक. तिच्या कडेला बारीक फट पडते, तिथून पाणी आत जातं, बाहेर यायला वाट विटेतूनच उरते. मग थंडीत विटेची तोंडं उडतात आणि दरजा जाळीसारख्या पुढे आलेल्या दिसतात. तशी भिंत एकदा पाहिली की विसरत नाही.

सगळं सिमेंट काढायचा हट्टही नको. घट्ट बसलेलं सिमेंट ग्राइंडरने काढताना विटेच्या कडा जातात आणि झालेलं नुकसान मूळच्यापेक्षा मोठं होतं. जे सैल झालं आहे, जिथे पाणी शिरतं आहे, तिथे छिन्नीने हळू काढा. खोली दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट हवी. नुसता वरवरचा लेप पहिल्या दोन-तीन थंडीत गळून पडतो. मसाला ठरवण्याआधी जुन्या चुन्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि वाळूच्या कणांचा आकार व रंग जुळवा. चुन्याचं काम ५ अंशांच्या खाली करू नका, आणि केलेलं काम गोणपाटाने झाकून ओलसर ठेवा. कंत्राटदार नोव्हेंबरात घाई करील. वेळापत्रकात दरजा उन्हाळ्यात टाकणं हे तुमचं काम.

पाणी झटकणारं सिलिकॉनसारखं द्रावण फवारा, असा सल्ला कोणीतरी बैठकीत देईलच. फटी असलेल्या भिंतीवर ते फवारलं तर पाणी फटीतून जातंच, फक्त विटेच्या तोंडाने बाहेर यायचं बंद होतं. क्षार असतील तर ते त्या थरामागे साचतात. एकदा फवारलं की परत काढता येत नाही. माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असतं, आणि जिथे ‘हो’ असतं तिथे आधी एका कोपऱ्यात वर्षभर लावून पाहिलेलं असतं.

आतून पांघरूण किती

इथे जरा आकडे करून बघू. भिंत ६०० मिलिमीटर जाडीची धरा, विटेची उष्णतावाहकता ०.७७. तिची यू-व्हॅल्यू १.०५च्या आसपास येते. आतून ०.०४ वाहकतेचं ४० मिलिमीटर इन्सुलेशन लावलं की ०.५१. आणखी ४० लावलं की ०.३४. आणखी ४०, म्हणजे एकूण १२०, की ०.२५. पहिल्या ४० मिलिमीटरने उष्णतेची गळती निम्मी केली. शेवटच्या ४०ने मूळच्या दहावा हिस्साही वाचवला नाही.

आता दुसरी बाजू. बाहेर शून्य अंश, आत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते तो, ९.३ अंश. उघड्या भिंतीचं आतलं तोंड १७ अंशांवर असतं, दव पडायचा प्रश्न नाही. पण ४० मिलिमीटर लावलं की इन्सुलेशनच्या मागे विटेचं तोंड ८.४ अंशांवर येतं, ८०ला ५.६ आणि १२०ला ४.१. म्हणजे खोलीतली हवा तिथे पोचली तर पाणी होणार, मग थर पातळ असो की जाड. जाड असेल तर वर्षातले असे दिवस वाढतात आणि वीट वाळायला वेळही जास्त लागतो. हा स्थिर तापमानाचा ढोबळ हिशेब झाला. पाऊस आणि ऊन यात नाहीच, आणि ओली वीट उष्णता अधिक वाहते तेही यात नाही.

इंग्लंडचे नियम आतून सुधारलेल्या भिंतीला ०.३० मागतात. पण नोंदलेल्या इमारतीचं स्वरूप बिघडत असेल किंवा भिंतीत ओल साचण्याचा धोका असेल तर कमी करण्याची मुभा देतात. ती मुभा वापरायला लाजू नका, मात्र कारण आकड्यांनिशी मांडा. पावसाच्या तोंडावरच्या भिंतीला मी ०.५ ते ०.६च्या आसपास थांबतो. आडोशाच्या भिंतीला थोडं पुढे जाता येतं.

सामान निवडताना दोन गोष्टी पाहा. इन्सुलेशन आणि वीट यांच्यामध्ये पोकळी नसावी, कारण त्या पोकळीत खोलीची हवा फिरली की वरचं सगळं गणित पाण्यात, आणि आग लागली तर धूर त्याच वाटेने वरच्या मजल्यावर. आणि थराने पाणी शोषून परत सोडलं पाहिजे. कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड हे करतो, जळतही नाही. भिंत आधी चुन्याच्या गिलाव्याने सपाट करायची, बोर्ड पूर्ण पाठ चिकटवून बसवायचा, वरून पुन्हा खनिज गिलावा. प्लॅस्टिक रंग दिला की सगळ्या साखळीवर पाणी फिरतं, म्हणून रंगाचं नावही नकाशावर लिहा. खनिज लोकर वापरत असाल तर आतल्या बाजूला असा पडदा घ्या जो हिवाळ्यात वाफ अडवतो आणि उन्हाळ्यात सोडतो. त्याचे सगळे सांधे खास चिकटपट्टीने बंद झाले पाहिजेत. ओली किंवा खारवलेली भिंत मात्र आधी वाळू द्या. जाड भिंतीला महिने लागतात, आणि ते महिने कार्यक्रमात नसले तर ओल पांघरुणाखाली कोंडली जाते.

खिडकीच्या बगला, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना दिसणारी भिंतीची जाडी, सोडू नका. भिंतीला पांघरूण आणि बगल उघडी, म्हणजे थंडी सगळी बगलेत. तिथे १०-२० मिलिमीटरचा पातळ थरही पुरतो. तपासायचा निकष असा की बाहेर शून्य आणि आत २० असताना आतल्या कुठल्याही कोपऱ्याचं तापमान १५ अंशांखाली जाऊ नये. त्याखाली बुरशी.

मुंबईत माझगावच्या एखाद्या गोदामासाठी हाच काटछेद उचलून नेऊ नका. तिथे पावसाळ्यात बाहेर दमट, आत एसी. वाफ बाहेरून आत येते आणि दव उलट्या बाजूला पडतं. तत्त्व तेच, थरांचा क्रम वेगळा.

भिंतीत पुरलेलं लोखंड

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इमारतींत पोलादी खांब आणि तुळया थेट विटांत चिणलेल्या असतात, मध्ये मोकळी जागा न सोडता. ओल पोचली की गंज धरतो, आणि गंज मूळ पोलादापेक्षा कित्येक पट जागा मागतो. भिंत खांबाच्या रेषेत उभी तडकते. लंडनच्या रस्त्यावरून या दुखण्याला रीजंट स्ट्रीट रोग असं नावच पडलं. उभी सरळ चीर दिसली की ‘इमारत खचतेय’ म्हणण्याआधी तिच्यामागे खांब आहे का बघा. आतून इन्सुलेशन लावल्यावर हे पोलाद आणखी थंड आणि ओलं राहणार, म्हणून पांघरूण घालण्याआधी निवडक ठिकाणी भिंत उघडून गंज मोजायचा. फार नसेल तर पाणी अडवणं पुरतं, जास्त असेल तर विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने गंज थोपवण्याची पद्धत आहे, तिचे तज्ज्ञ वेगळे.

ओतीव लोखंड विटेपेक्षा साठपटीहून अधिक उष्णता वाहतं. बाहेरच्या भिंतीत टेकलेली लोखंडी तुळई दिवाणखान्यात दिसायला झकास, पण जानेवारीत तिच्या टोकावर थेंब धरतात. टोकापासून काही अंतर तिला पातळ थर द्यावा लागतो, आणि वास्तुरचनाकाराशी यावर भांडण ठरलेलं. जिथे तुळया लाकडी आहेत तिथे त्यांची भिंतीतली टोकं बघा. ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. टोकांच्या आजूबाजूचं पांघरूण थोडं पातळ ठेवून त्यांना ऊब मिळू देणं हा जुना, निमूट चालणारा उपाय.

खिडक्या आणि माल ओढायची दारं

लोखंडी चौकटी आणि छोट्या काचा हाच गोदामाचा चेहरा. त्या काढून दुहेरी काचेच्या नव्या बसवायला संमती मिळणं अवघड, आणि मिळाली तरी चेहरा जातो. बहुतेक वेळा उत्तर असतं आतून दुसरी खिडकी. मध्ये १०० मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवलं तर रस्त्याचा आवाजही अडतो. इथे एकच नियम: आतली खिडकी घट्ट, बाहेरची थोडी श्वास घेणारी. उलटं केलंत तर खोलीची वाफ मधल्या जागेत अडकून जुन्या काचांवर रोज सकाळी ओघळ, आणि चौकटीला गंज. जुनी चौकट खरवडताना रंगात शिसं असणार हे धरूनच चाला.

प्रत्येक मजल्यावर माल आत ओढायची मोठी दारं असतात. सगळ्यांना तिथे छोटी गॅलरी हवी असते. पण मूळच्या उंबऱ्याला बाहेर उतार असेलच असं नाही, आणि आतली फरशी वर आली की पाणी सरळ घरात. उंबऱ्याची उंची पहिल्या आठवड्यात ठरवा, फरशीच्या जाडीबरोबर.

हवा

घट्ट घरात रोजची ती बादली पंख्यांनीच बाहेर जायची. न्हाणीघरातला आणि स्वयंपाकघरातला पंखा सतत, मंद चालणारा घ्या. चुलीवरची चिमणी हवा गाळून परत खोलीत सोडणारी नको, बाहेर सोडणारी हवी. फोडणीचा वास आणि कुकरची वाफ कुठल्याही गाळणीला दाद देत नाही. कपडे वाळवायला जागा काढा, नाहीतर ते रेडिएटरवर पडणार, इंग्लंडात पडतातच. गिलावा होण्याआधी ब्लोअर डोअर, म्हणजे दारात बसवायचा मोठा पंखा, लावून ५० पास्कल दाबावर चाचणी घ्या आणि धुराच्या पेन्सिलीने फटी शोधा. नंतर शोधल्या तर बुजवता येत नाहीत.

आधी एकच सदनिका पुरी करा

पश्चिमेच्या तोंडाची, वरच्या मजल्यावरची, कोपऱ्याची. सगळ्यात वाईट ती निवडा. तिथे दरजा, पांघरूण, खिडकी, पंखा सगळं ठरल्याप्रमाणे करा, विटेच्या आतल्या तोंडावर तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर पुरा, आणि आत हीटर व पाण्याची वाफ सोडून कुटुंबाचं सोंग आणा. किमान एक हिवाळा. संगणकावर तासातासाचा हिशेब करणारं वूफी नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते जरूर चालवा, पण विटेचे गुणधर्म पुस्तकातले न घालता तुमच्या नमुन्यांचे घाला आणि भिंतीवर पडणाऱ्या पावसाचं प्रमाण कमी-जास्त करून बघा. सेन्सर आणि वूफी यांचं जुळलं नाही तर सेन्सरचं ऐका.

मालक म्हणेल, एक हिवाळा थांबणं परवडत नाही. मग किमान एवढं पदरात पाडून घ्या की पश्चिमेच्या भिंतीचं काम सगळ्यात शेवटी ठेवू आणि तोवरच्या नोंदी बघून जाडी ठरवू.

चावी देताना

राहायला येणाऱ्याला भिंतीत काय आहे हे ठाऊक नसतं. तो टीव्ही टांगायला बाह्य भिंतीत चार भोकं पाडतो आणि वाफ अडवणारा पडदा फाटतो, म्हणून टांगायच्या जागी आधीच लाकडाऐवजी न जळणाऱ्या पट्ट्या देऊन ठेवा आणि आतल्या दुभाजक भिंतीकडे बोट दाखवा. पंख्याचं बटण कपाटाआड नसावं. एका पानाचं पत्रक पुरे: कुठे भोक पाडायचं नाही, कुठला रंग लावायचा नाही, पंखा का बंद करायचा नाही. सेन्सरच्या नोंदी पुढची पाच वर्षं कोण वाचणार, आणि पानगळीनंतर दर डिसेंबरात पन्हळी कोण साफ करणार, हे सोसायटीच्या देखभाल करारात नाव आणि रक्कम यांसह लिहून घ्या, शेवटचं बिल मंजूर होण्याआधी.